गजराला लागणाऱ्या ट्यूबा

सोमवारी पहाटे सव्वापाच वाजता रघुवीरने सुलोचनावहिनींच्या गॅरेजमधला खटका दाबला, आणि चारही ट्यूबांनी त्याला नुसता डोळा मारला. टोकं लाल झाली, आत पांढरा साप सरपटल्यासारखा उजेड एकदा वळवळला आणि विझला. पुन्हा लाल, पुन्हा साप, पुन्हा काळोख. स्टार्टर तेवढे टिकटिक करत राहिले. पान मांडलेलं आहे आणि वाढायला कुणी येत नाही, तेव्हा भुकेला माणूस बोटांनी पाट वाजवतो ना, तसे.

खाली सतरंजीवर शाली, मफलर, कानटोप्या यांत गुंडाळलेली चाळीसेक माणसं बसली होती. धनुर्मास लागला होता. या महिन्यात सूर्य उगवायच्या आत देवाला मुगाच्या खिचडीचा नैवेद्य दाखवायचा आणि त्याच्या आधी कीर्तन ऐकायचं, ही इंदूरच्या या मराठी मंडळींची जुनी रीत. पण यंदा देवळाच्या सभामंडपाचा स्लॅब उकरून ठेवलेला. तेव्हा वहिनी म्हणाल्या, सोमवार ते शुक्रवार पाच दिवस आमच्या पलासियाच्या बंगल्यात या. यजमान गेल्यावर फियाट विकून टाकली होती, गॅरेज रिकामंच होतं. संक्रांतीनंतर मुलगा हृषीकेश तिथे कॉम्प्युटरचा क्लास काढणार होता. त्यासाठी चार ट्यूबा नव्याने बसवून घेतल्या होत्या, आणि त्या बसवल्या होत्या रघुवीरने. आदल्या आठवड्यात, भर दुपारी, स्वतःच्या हाताने. तेव्हा खटका दाबताच चारी जणी एकदम फाडकन लागल्या होत्या.

"रघुवीरराव, आज काय यांचा उपास?" सतरंजीवरून शामराव म्हणाले. शामराव पोस्टातून रिटायर झालेले. कुणाच्याही फजितीला पहिला आहेर त्यांचाच.

 रघुवीरने पिशवीतला टेस्टिंगचा बल्ब काढून खुंटीला टांगला. पहाटे गावभर गिझर लागतात, त्यामुळे व्होल्टेज पडलेलं. बल्ब पेटला तो पिकल्या टोमॅटोसारखा. त्या लाल उजेडात विष्णूबुवा उभे राहिले. उज्जैनचे बुवा, सत्तरी ओलांडलेले, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचंय. त्यांनी डोळ्यांवर हात धरून समोर पाहिलं.

"वहिनी, माणसं आहेत ना हो? मला नुसती पोती दिसताहेत."

माणसं हसली. रघुवीर पेटीवाल्याच्या मागे, भिंतीला टेकून बसला. त्याला हसू आलं नाही.

ज्या मिलमध्ये तो सव्वीस वर्षं वायरमन होता, तिच्या फाटकाला दोन वर्षांपूर्वी डिसेंबरातच कुलूप लागलं होतं. तेव्हापासून त्याने मिक्सर दुरुस्त केले, लग्नाच्या मांडवात माळा बांधल्या. हाताला मिळेल ते केलं. सगळ्यांच्या तोंडी एकच, आता बाजार खुला झाला, आता कामच काम. काम कुणाकडे गेलं देव जाणे, परदेशीपुऱ्याच्या त्यांच्या चाळीत तर ते आलं नव्हतं. मिलच्या फाटकावरचा जमादार उदयसिंह मात्र शहाणा निघाला. त्याने विजय नगरच्या नव्या इमारतींना चौकीदार पुरवायचा धंदा काढला. मागच्या आठवड्यात तो घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "भिया, पकड-टेस्टर रख दे अब. वर्दी सिलवा देता हूँ. शुक्रवार को जवाब दे देना."

तो गेल्यावर बायको मनोरमा म्हणाली, "वाईट काय आहे त्यात? बसून राहायचं काम."

"या ट्यूबा नीट चालल्या तर हृषीकेशच्या क्लासचं सगळं वायरिंग मला मिळेल," रघुवीर म्हणाला होता. आणि मग, कारण नसताना, पुढचं वाक्यही बोलून गेला: "आणि नाही चालल्या, तर समजेन हात गेला. शुक्रवारी वर्दीचं माप देईन."

बोललं ते बोललं. मनोरमेने ते पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

तर पूर्वरंग चालू होता. बुवांचा आवाज अजून खणखणीत. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसालाही त्या आवाजाची ऊब यावी. मधला गजर आला. वारा आत येऊ नये म्हणून कुणीतरी शटर खाली ओढून घेतलं, टाळ्या सुरू झाल्या, "जय जय रामकृष्ण हरी" चढत गेलं, आणि अगदी टिपेला पोचल्यावर वर फक् झालं.

तिसरी ट्यूब लागली. मग दुसरी. मग चौथी.

गजर क्षणभर थांबला आणि दुप्पट जोराने सुरू झाला. वहिनींनी वर बघून हात जोडले. रघुवीरनेही जोडले; पण जोडलेल्या हातांच्या आत त्याचं मन म्हणत होतं, हे काय?

दुपारी तो शिडी घेऊन पुन्हा आला. खटका दाबला. चारही ट्यूबा एका झटक्यात. बंद केल्या, लावल्या. बंद केल्या, लावल्या. दहा वेळा.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "लागताहेत की आता."

"हो ना."

"मग?"

"तेच तर," रघुवीर म्हणाला.

त्याने चारही स्टार्टर बदलले. मंगळवारी पहाटे पुन्हा लाल टोकं, पुन्हा साप, पुन्हा टिकटिक. पुन्हा टोमॅटो. आणि पुन्हा गजराला फक्, फक्, फक्. त्याने लगेच बल्बाकडे पाहिलं. व्होल्टेज वाढलं म्हणावं, तर बल्ब होता तसाच तांबडा.

खिचडीच्या वेळी शामराव द्रोण घेऊन त्याच्याजवळ सरकले. "रघुवीरराव, तुमची चूक सापडली बघा. खटका चुकीच्या जागी बसवलात. बुवांच्या चिपळ्यांत बसवायला हवा होता."

बुधवारी त्याने चारही चोक उतरवून दुसरे लावले, वायरची जोडणी एकेक करून सोडवली, घासली, पुन्हा आवळली. काही फरक नाही. फरक पडला तो माणसांत. सोमवारची चाळीस बुधवारी ऐंशी झाली. नामाच्या गजराला दिवे लागतात, ही बातमी पलासियाभर झाली होती. खटक्याच्या पेटीला कुणी हळदकुंकू लावलं होतं, वर झेंडूचं फूल खोचलं होतं. रघुवीरला खटका दाबण्याआधी ते फूल बाजूला सारावं लागलं, आणि मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, हात नका लावू. आपोआप लागतात त्या."

रघुवीर नास्तिक असता तर गोष्ट सोपी होती. पण तो पडला कीर्तनाच्या ताटात वाढलेला माणूस. वडील त्याला खांद्यावर बसवून कीर्तनाला न्यायचे. आख्यान ऐकता ऐकता तो त्यांच्या डोक्यावर गाल ठेवून झोपायचा. देव धावून येतो हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ते त्याला नुसतं माहीत होतं. मग तो देव ट्यूब लावायला आला, तर टेस्टर घेऊन त्याच्या मागे लागणारे आपण कोण? आणि तो देव नसेल, आपल्याच जोडणीत खोट असेल, तर ती खोट नाम ऐकून सुधारते कशी आणि दुपारी नाहीशी होते कशी? सायकल हातात धरून तो परदेशीपुऱ्यापर्यंत चालतच गेला. सायकलवर बसायचं असतं, हे त्याला घरी पोचल्यावर आठवलं.

"देवानं लावल्या तर तुमचं काय बिघडलं?" मनोरमा भाकरी थापत म्हणाली.

"माझं काय बिघडणार?"

"मग?"

"मग मी कशाला आहे तिथे?"

मनोरमेने भाकरी उलटली. "ते मला काय विचारता? आणि उदयसिंहजी येऊन गेले. शिंपी शनिवारी बसतो म्हणाले."

गुरुवारी तो पावणेपाचलाच बंगल्यावर पोचला. डिसेंबरचा वारा असा होता की सायकलच्या दांडीवर बोटं चिकटत होती. रोज खिचडी अंगणात शिजायची, पण आज वारा शेगडी टिकू देईना. म्हणून वहिनींनी ती गॅरेजच्या आतल्या कोपऱ्यात आणून ठेवली होती, शटर अर्धं वर करून. वर मोठं पातेलं रटरटत होतं.

रघुवीरने खटका दाबला. तीन ट्यूबांनी रोजचा डोळा मारला. चौथी, शेगडीवरची, दोनदा चमकली आणि लागली.

तो बघतच राहिला. गजर नाही, बुवा नाहीत, चिपळ्या नाहीत. वहिनी एकट्या पातेल्यात पळी फिरवत होत्या.

"वहिनी, तुम्ही मनात नाव घेत होता का?"

"मी मीठ घातलं की नाही, ते आठवत होते."

रघुवीर स्टुलावर चढला. चौथीला हात लावला, कोमट. मग स्टूल शटरजवळ नेऊन पहिलीला हात लावला, आणि हात चटका बसल्यासारखा मागे आला. बर्फ. नुसता बर्फ.

तो स्टुलावरच उभा राहिला. सव्वीस वर्षांत आपण किती हजार ट्यूबांना हात लावला असेल? त्यांतली एक तरी गार होती का? त्याने आठवून पाहिलं. आठवेना. मिलच्या कताई खात्यात धागा तुटू नये म्हणून बारा महिने हवा गरम आणि ओलसर ठेवायचे. बाहेर गहू गोठवणारी थंडी असली तरी आत माणसं गंजीफ्रॉकवर घाम पुसत असायची. आणि ट्यूबा? तीन पाळ्या. विझवायच्या कधी? एक उतरवली की दुसरी तिथल्या तिथे चढवायची, तीही गरम गोदामातून आलेली. थंडीत गारठलेली, रात्रभर विझून पडलेली ट्यूब पहाटे लावायची असते, हा प्रसंगच त्याच्या आयुष्यात आला नव्हता. सव्वीस वर्षांचा वायरमन, पण उकाड्यातला.

पण असं वाटणं वेगळं आणि असणं वेगळं. त्याने पहिली ट्यूब उतरवली, आपल्या शालीत तान्ह्या मुलासारखी गुंडाळली आणि शेगडीपासून हातभर अंतरावर मांडीवर घेऊन बसला.

"हे काय चाललंय?" वहिनींनी विचारलं.

"शेकतोय."

वहिनींनी त्याच्याकडे काळजीने पाहिलं आणि पळी जरा जपून फिरवायला लागल्या.

पाचेक मिनिटांनी त्याने ती ट्यूब परत चढवली. टोकं लाल झाली, साप एकदाच वळवळला आणि लख्ख उजेड पडला. बाहेरचा वारा सरळ तिच्यावर येत होता, तरी ती विझली नाही. एकदा पेटली की आपल्याच उबेवर राहते, हेही त्याला तेव्हाच दिसलं.

त्या दिवशी उरलेल्या दोघी गजरालाच लागल्या, माणसांनी टाळ्या पिटल्या. रघुवीरने या वेळी वर नाही, खाली पाहिलं. शंभर माणसं, शंभर तोंडांतून निघणारी वाफ, खाली ओढलेलं शटर, पाऊण तासाचं कीर्तन. गॅरेज भट्टीसारखं उबदार झालं होतं. एकच गोष्ट त्याला कळली नाही. सोमवार ते बुधवार नेहमी तिसरीच आधी का लागायची? ती ना आत होती, ना बाहेर. त्याचं उत्तर त्याला पुढेही सापडलं नाही.

दुपारी ऊन असताना त्याने चारही ट्यूबा लावल्या आणि वहिनींना सांगितलं, "आता या विझवायच्या नाहीत. उद्या खिचडी होईपर्यंत."

"रात्रभर? रिकाम्या गॅरेजात?"

"नंदादीप रिकाम्या देवळातही तेवतोच ना वहिनी."

 आत जाताना दोनदा वळून वहिनींनी त्या जळत्या ट्यूबांकडे पाहिलं.

शुक्रवारी पहाटे धुकं इतकं होतं की सायकलचं पुढचं चाकही दिसत नव्हतं. लाइट गेली असेल तर? एक मिनिट जरी गेली असेल, तरी पुन्हा चारी जणी बर्फ. गल्लीचं वळण आलं तसा तो सायकलवरून उतरला. पुढे बघायचा धीर होईना. मग पाहिलं. वहिनींच्या शटरच्या खालच्या फटीतून पांढऱ्या उजेडाची एक सरळ रेघ धुक्यात आली होती.

आत वहिनी हातात उदबत्ती घेऊन उभ्या होत्या. त्याला पाहताच बाजूला आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "रघुवीरराव, राग मानू नका. आता विझवा."

"विझवू?"

"गजराला लावा परत. आज शेवटचा दिवस. माझी नणंद सरोजिनी मानपूरहून पहिल्या बसने आलीय, हेच बघायला. तुम्ही पेटीजवळ बसता, खटका तुमच्या हाताशी. कुणाला कळणार आहे? लोकांची श्रद्धा आहे हो."

रघुवीरचा हात खटक्यापर्यंत गेला. वाळलेलं झेंडूचं फूल अजून तिथेच होतं. वहिनींनीच त्याला काम दिलं होतं. पुढचं वायरिंगही त्यांच्याच हातात. आणि या ट्यूबा अशाच जळत राहिल्या तर त्याने काय शोधून काढलं ते दिसणार तरी कुणाला? बिघाड दिसतो, बिघाड नसणं कुणाला दिसतं? विझवल्या, तर निदान सगळे खूश. त्याचं डोकं पुन्हा गरगरायला लागलं. त्यात एकच गोष्ट जागची हलत नव्हती. चार दिवस जे झालं त्यात कुणाची लबाडी नव्हती. आज त्याने खटका दाबला, तर ती असेल.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "मला नाही जमणार."

वहिनींचा चेहरा पडला. त्या वळल्या आणि नणंदेशेजारी जाऊन बसल्या.

माणसं येत गेली आणि दारातच थबकत गेली. "अरे, आधीच लागल्या?" शामराव मोठ्याने म्हणाले, "देवाची ड्यूटी आज कुणी केली रे?"

सगळे रघुवीरकडे बघायला लागले. त्याला चार माणसांत बोलायची सवय नव्हती. "त्या थंडीने लागत नव्हत्या," तो म्हणाला. "गार पडल्या की लागत नाहीत. तुम्ही सगळे बसलात की गॅरेज गरम व्हायचं. इतकंच."

"म्हणजे आम्ही शेगड्या?" शामराव म्हणाले. पण कुणी हसलं नाही. मागच्या दोन बाया उठून जायला निघाल्या, मग खिचडीचा वास आला म्हणून बसल्या.

शामरावांनी कानटोपी खाली ओढून भिंतीला पाठ टेकली, आणि बऱ्याच वेळाने विष्णूबुवा आले. उपरणं सावरत उभे राहिले, नमनासाठी तोंड उघडलं, आणि तसंच उघडं ठेवून समोर बघत राहिले. पेटीवाल्याने दोनदा सूर दिला.

"अहो शामराव," बुवा म्हणाले, "तुम्ही तर झोपलाय!"

शामराव दचकून ताठ बसले. गॅरेजभर हशा फुटला.

"रोज गजरापर्यंत असेच झोपत होतात? आणि मी आपला समजतोय, समोरचं पोतं मन लावून ऐकतंय. दिवे लागेपर्यंत माझे डोळे आख्यानात मिटलेले." बुवा दोन पावलं पुढे आले. "थांबा हो, मला बघू द्या. ही सुमन ना? किती वाळलीस ग. हे दाते मास्तर. तुमचे केस कुठे गेले मास्तर? आणि ही... ही मानपूरची सरोजिनी की काय? तुझ्या लग्नात मी कीर्तन केलं होतं पोरी. रुक्मिणीचं आख्यान होतं, आणि तू हार घातलेली तशीच येऊन पहिल्या रांगेत बसलीस."

सरोजिनीबाईंनी तोंडाला पदर लावला. वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि, का कोण जाणे, वळून रघुवीरकडे पाहिलं. तो राग होता की आणखी काही, ते त्याला समजलं नाही.

दहा मिनिटं कीर्तन सुरूच झालं नाही. बुवा एकेकाचं नाव घेत राहिले; चेहरा दिसला की थांबत, विचारपूस करत. मग सुदाम्याचं आख्यान लागलं, आणि असं लागलं की मागच्या बायाही पुढे सरकल्या. मधल्या गजराला सवयीने सगळ्यांच्या माना वर गेल्या. ट्यूबा होत्या तशाच होत्या. कुणाला हायसं वाटलं, कुणाला चुकल्यासारखं. रघुवीरला दोन्ही.

खिचडीच्या वेळी शटरखालून वाकून उदयसिंह आत आला. वहिनींनी त्याच्याही हातात द्रोण दिला. गरम घास फुंकत तो रघुवीरजवळ आला.

"तो भिया? दर्जी को बोल दूँ ना?"

रघुवीरने त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. बोटांवर खिचडीचं तूप होतं. क्लासचं वायरिंग मिळेल की नाही, आता सांगता येत नव्हतं. वहिनींशी त्याचं बोलणं झालंच नव्हतं.

"नको," तो म्हणाला. "वर्दी नको."

"फिर करेगा क्या?"

"माहीत नाही."

"वाह! पता नहीं, और ना भी बोल रिया है!" उदयसिंह हसला, द्रोण चाटून पुसून साफ केला आणि शटरकडे निघाला. दोन पावलं जाऊन थांबला. मान वर करून चारही ट्यूबांकडे एकेक करून बघत राहिला.

"ये चारों सुबह से ऐसेइच जल री हैं? जिस गोदाम पे हमारे चौकीदार हैं, वहाँ तो भिया, सुबे-सुबे सब मरी पड़ी रेती हैं. लड़के टॉर्च लेके घूमते हैं. तीन बार नई डलवा दी."

रघुवीरने द्रोण खाली ठेवला.

"गोदामाचा दरवाजा कुठल्या बाजूला आहे?" त्याने विचारलं. "आणि रात्री विझवता का त्या?"